तोंड बघलंस का गो?

बाळ रडलं की आमच्या खडवलीत घड्याळाकडे कुणी बघत नसे. दूध किती वाजता प्यालं, किती वेळ प्यालं, याची वही नव्हती. माजघरातून, पडवीतून, न्हाणीतून, कधी कुडापलीकडच्या घरातूनसुद्धा एकच प्रश्न यायचा, "तोंड बघलंस का गो?" आजी विचारी. थोरली काकू विचारी. माहेरपणाला आलेली आत्या विचारी. विरजणाला आलेली शेजारीण विचारी. भातसा नदीवरून धुणं धुऊन परतणारी कुणीही बाई ओल्या कपड्यांची बादली उंबऱ्याशी टेकवून पाळण्यात डोकावे आणि विचारी. ओल्या बाळंतिणीला इतक्या जणींना उत्तरं द्यावी लागत, की बाळाआधी तीच रडकुंडीला येई.

असं विचारण्याला कारणही होतं. आमच्या खडवलीवरून जाणारी कल्याण ते वाशिंद आगगाडी १ ऑक्टोबर १८५५ ला सुरू झाली. म्हणजे आमच्या पणजीच्या पणजीनेही या रुळांवर इंजिनाचा धूर पाहिला असणार. गाडी अशी लवकर आली, पण डॉक्टर मात्र आमच्या लहानपणीही त्याच गाडीत बसून गाठावा लागे. कसाऱ्याहून येणारी लोकल, टिटवाळा, आंबिवली, शहाड आणि मग कल्याण. पावसाळ्यात गाडीचा भरवसा नाही, रात्री तर नाहीच. त्यामुळे बाळाच्या तोंडात काय चाललंय ते आधी घरातच वाचावं लागे. अक्षरओळख नसलेल्या बायका ते वाचत. काही बरोबर वाचत, काही चुकीचं. पण वाचल्याशिवाय राहत नसत.

आता आठवलं की हसू येतं, पण त्यांचं बरंचसं वाचन अगदी नेमकं होतं. रडणं ही भुकेची शेवटची हाक, हे आज बालरोगतज्ज्ञ नव्या आयांना समजावतात. बाळ आधी ओठ चाटतं, जीभ आत-बाहेर करतं, मान वळवून तोंड उघडतं, मूठ तोंडात कोंबतं. तेव्हाच पदराखाली घ्यावं. रडून लाल झाल्यावर त्याला नीट पकड घेता येत नाही. आजीला हे कुणी समजावलं नव्हतं. ती बाळाच्या गालाला करंगळी लावी. बाळ तिकडे तोंड वळवून बोट शोधू लागलं की भूक. नाही वळलं तर कुंचीची नाडी काचत असेल, दुपटं ओलं असेल, मुंगी चावली असेल, नाहीतर आईने दुपारी वालाचं बिरडं चापलं असेल. शेवटच्या आरोपावर सूनबाई काही बोलत नसत. कारण बिरडं खरोखरच चापलेलं असे. (बिरड्याची बाजू घ्यायला तेव्हा कुणी नव्हतं म्हणून इथे घेतो: तान्ह्याच्या प्रत्येक रडण्याचं खापर आईच्या ताटावर फोडायला फारसा आधार नाही.)

वरच्या ओठाच्या मधोमध बारीक फोड आला की पहिलटकरीण घाबरायची. आजी म्हणे, दूध ओढून ओढून आलाय, हात लावू नको. हात लावला नाही की तो आपोआप जाई. झोपेत बाळ चुरूचुरू तोंड चालवी, तोंडात काही नसताना मिटक्या मारी, मध्येच हसे आणि मध्येच ओठ काढून रडवेलं होई. आम्ही पोरं पाळण्याभोवती गोळा होऊन बघत असू. हसलं की सटवाई हसवते, ओठ काढला की सटवाई रडवते. पाचवीच्या रात्री पाट्याची पूजा, शेजारी कोरा कागद आणि लेखणी, म्हणजे सटवाईला नशीब लिहायला अडचण नको. पुढे महिनाभर ती येऊन बाळाला खेळवते असा आमचा पक्का समज होता. आता कळतं की ते झोपेतलं हसू मेंदूच्या आपल्याच कारभाराचं. माणसाचा चेहरा बघून बाळ खरं हसतं ते साधारण दीड-दोन महिन्यांनी. गंमत म्हणजे सटवाईही सव्वा महिन्यानंतर फारशी येत नाही, असं आमच्याकडे मानत.

मग लाळेचे दिवस येत. तिसरा-चौथा महिना लागला की बाळाच्या तोंडाला धार लागे. लाळग्रंथी जोमाने काम करू लागलेल्या असतात, गिळायचं तंत्र अजून जमलेलं नसतं, दात तर कुठेच नसतात. पण घरात घोषणा होऊन जाई, दात येतायत! आणि शेजारून दुसरी, जास्त खोचक घोषणा येई, डोहाळे पुरले नाहीत वाटतं आईचे. पोटुशी असताना जे खावंसं वाटलं ते मिळालं नाही, की पोराची लाळ गळते, असा आमच्या आळीचा कायदा होता. माहेरची माणसं बाळाला बघायला आली की मुद्दाम हनुवटीकडे बघत आणि सुस्कारा सोडत. सासू फणकाऱ्याने दुसरं लाळेरं आणायला उठे.

लाळेरं! फडताळातल्या गाठोड्यात ती किती असत. आजीचं लुगडं विरलं की त्याचं दुपटं. दुपटं विरलं की लाळेरं. लाळेरं विरलं की कंदिलाची काच पुसायचं फडकं. फडकं विरलं की भांडी घासायची चिंधी. मऊपणा वाढत वाढत गेलेलं कापड असे ते, बाजारात न मिळणारं. दुहेरी कापड, गळ्याशी अर्धगोल, मागे दोन बंद, हौशी आत्या असेल तर वर दोन टाक्यांची चिमणी. एका घरातली लाळेरी दुसऱ्या घरात जात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. आमच्यातल्या कितीतरी जणांनी एकाच लाळेऱ्यावर लाळ गाळली आहे. हे नातं कुठल्या कुळाच्या वहीत लिहिलेलं नाही, पण आहे. आज लग्नकार्यात भेटणारे टक्कल पडलेले गृहस्थ त्या लाळेऱ्याने आपले भाऊ लागतात.

लाळेपाठोपाठ फुर्र. ओठ मिटून, जीभ मध्ये घालून, बाळ तासन् तास फुर्र फुर्र करी आणि समोरच्याचं तोंड भिजवी. बाळ फुर्र करतंय म्हणजे पाऊस येणार. भाताच्या मुलखात ही काही साधी बातमी नव्हती. रोहिण्या संपल्या, मृग लागला, राब भाजून झाले, पेरणी टेकीला आली आणि आभाळ कोरडं, अशा वेळी थोरले काका गंभीर चेहऱ्याने पाळण्यापाशी येऊन उभे राहत. फुर्र झालं की समाधानाने निघून जात. बाळ मार्चमध्येही फुर्र करी आणि दिवाळीतही करी, ही गोष्ट कुणी मनावर घेत नसे. खरं तर ओठ आणि जीभ यांची ती तालीम असते. पुढे बा-बा, पा-पा, मा-मा म्हणायचं ते याच ओठांनी.

जीभ दाखवायची तालीमही घरातच व्हायची, आणि ती द्यायला काका, मामा, दूधवाला, सगळे तयार. घरातल्या पोरांनी जीभ दाखवली तर पाठीत धपाटा, पण तान्ह्याने दाखवली तर कौतुक! १९७७ मध्ये अमेरिकेत मेल्ट्झॉफ आणि मूर या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं, की दोन-तीन आठवड्यांची बाळंसुद्धा समोरच्याची जीभ बघून आपली जीभ काढतात. जगभर त्याची चर्चा झाली. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पुष्कळ बाळं तपासली आणि म्हटलं, नक्कल वगैरे काही नाही, समोर काहीही दाखवलं तरी बाळ जीभ काढतंच. हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या मामांना त्याचा पत्ता नव्हता, पण लोकलचा डबा सोडला तर एवढ्या तन्मयतेने एकमेकांची तोंडं बघणारी माणसं आम्ही दुसरीकडे पाहिली नाहीत.

सहाव्या महिन्यात उष्टावण. मामाने यायचं, चांदीची वाटी आणायची, बाळाला मांडीवर घ्यायचं आणि खिरीचं बोट चाटवायचं. खीर तोंडात गेली की जीभ तिला बाहेर ढकली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मामाच्या सदऱ्यावर, वाटीत, पाटावर खीरच खीर. नवी आई हिरमुसे, आवडलं नाही वाटतं. आजी म्हणे, आवडीचा प्रश्न नाही, जीभ अजून ढकलते, चार दिवस थांब. हेही बरोबरच वाचलेलं. जन्मल्यापासून साधारण चार ते सहा महिन्यांपर्यंत बाळाची जीभ दुधाखेरीज जे तोंडात येईल ते बाहेर लोटते. ती निसर्गाने ठेवलेली राखण आहे, घशात भलतंच काही जाऊ नये म्हणून. राखण उठली, मान धरली, टेकून बसता आलं, की मग पेज, मऊ भात, वरणाचं पाणी. घाई करणाऱ्या काकू प्रत्येक घरात एक तरी असत. चौथ्या महिन्यातच त्या बाळाच्या तोंडाला चहात बुडवलेलं बिस्कीट लावत आणि पकडल्या गेल्या की, "नुसतं दाखवलं हो," म्हणत.

आता तोंडाच्या आतलं. बाळाची जीभ पांढरी दिसली की मऊ ओलं फडकं बोटाला गुंडाळून हलकेच पुसायचं. निघालं तर दूध. नाही निघालं, गालाच्या आतूनही दह्याच्या कवड्यांसारखे ठिपके चिकटून बसलेले, पुसायला जावं तर खालून लाल, तर तोंड आलंय. इथवरचं वाचन आजही दवाखान्यात असंच करतात; ती बुरशी असते, थेंबांनी बरी होते, आणि आईच्या स्तनालाही औषध लावावं लागतं, नाहीतर ती आईकडून बाळाला आणि बाळाकडून आईला अशी फिरत राहते. पुढचं मात्र चुकत असे. टाकणखार तव्यावर फुलवायचा, मधात खलायचा आणि तोंडात फिरवायचा. घरोघर होत असे ते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात जाऊन तान्ह्यांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. मधाचंही तसंच. जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा मान घरातल्या सर्वांत गोडबोल्या माणसाचा, कारण पोर तसंच बोलतं म्हणे. पण मधातल्या एका जंतूचे बीजाणू वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि त्यांच्या विषाने बाळाचं अंग लुळं पडतं, ओढणं मंदावतं, रडणं क्षीण होतं. बारा महिने पुरे होईतो मध नाही, ही गोष्ट आम्ही आजीला सांगू शकलो असतो तर तिने ऐकली असती का? थोडी कुरकुर करून ऐकली असती, असं वाटतं. बाळाच्या बाबतीत ती हट्टी नव्हती, घाबरट होती.

टाळूवर नाहीतर हिरडीवर मोत्याचे पांढरे दाणे दिसले की आळीभर कुजबूज, दात घेऊन जन्मलं! खरं तर ते निव्वळ दाणे, काही आठवड्यांत विरून जाणारे. क्वचित खरंच दात घेऊन बाळ जन्मतं. तो हलत असेल तर डॉक्टर काढतात, कारण घशात जायची भीती. एरवी पहिले दात खालचे, समोरचे दोन, बहुधा सहाव्या महिन्यानंतर. वरचे आधी आले तर मामाला जड. बिचारा मामा! उष्टावणाला वाटी त्याची, सदरा त्याचा खराब, आणि भाच्याचे दात कुठले आधी येतात त्यावर आयुष्य त्याचं. अडीच-तीन वर्षांत दुधाचे वीस दात पुरे होईपर्यंत घरात चावायच्या वस्तूंचा सुकाळ. लाखेच्या रंगाची लाकडी चोखणी, धुतलेली खारीक, पोळपाटाची कड, पाळण्याची दोरी, आजीची बोटं. आणि शेंडेफळ असेल तर थोरल्या भावाचा कान.

दातांच्या नावावर फार काही खपवलं जाई. ताप आला, दात येतायत. जुलाब झाले, दात येतायत. पोर मलूल पडलं, दात येतायत. दातांनी हिरड्या शिवशिवतात, लाळ वाढते, बाळ किरकिरतं, अंग किंचित कोमट लागतं. पण चटका बसेल असा ताप आणि पाण्यासारखे जुलाब दातांचे नव्हेत. सहा महिन्यांच्या सुमाराला बाळ रांगू लागतं, सापडेल ते तोंडात घालतं, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, आणि नेमके तेव्हाच दात येतात. दोष दातांवर जातो. ‘दात येतायत’ या एका वाक्यापायी आमच्या आळीतली किती पोरं उशिरा कल्याणच्या गाडीत बसली, ते आठवलं की हसू थांबतं.

सहाणेवर मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड, वेखंड यांचे वेढे उगाळणं हा सकाळचा विधी. कुणाला एक वेढा, कुणाला दोन. सहाणेच्या त्या खरखर आवाजावर आमच्या पिढीची झोप मोडली आहे. वेखंड जास्त झालं की पोर भडाभडा ओके. मात्रा चुकली, एवढंच म्हणत. बोलायला उशीर झाला की वेखंड जिभेला. त्याने भागलं नाही की पोपटाने उष्टावलेला पेरू. आमच्या आळीत एका घरी पोपट होता आणि त्याच्याकडे उष्ट्यासाठी रांग असे. पोपट कंटाळून काही खाईनासा झाला. पेरू खाऊन बोलू लागलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. ती पेरू न खाताही बोललीच असती. पण एक मुलगा कधीच बोलला नाही. तो बहिरा होता, हे फार पुढे कळलं. तोंडच बघत राहिलो सगळे, कानाकडे कुणी वळलं नाही.

काहींची जीभ खाली चिकटलेली असे. रडताना टोक वर उचलत नसे, बाहेर काढली की मधोमध खाच दिसे. अशी सगळीच बाळं अडत नाहीत. पुष्कळ छान पितात, छान बोलतात, उगाच कापाकापीची गरज नसते. ज्यांना ओढताच येत नाही, पिता पिता सुटतं, आईला असह्य दुखतं आणि बाळाचं वजन वाढत नाही, त्यांच्या जिभेखालचा पापुद्रा डॉक्टर क्षणात मोकळा करतात. तेव्हा अशांसाठी बोंडलं होतं. चांदीचं, पितळेचं, पुढे चोच काढलेलं इवलंसं भांडं. त्यातून थेंब थेंब दूध. ‘बोंडल्याने दूध पितोस काय’ म्हणून आम्ही एकमेकांना चिडवायचो, पण त्या चोचीने कितीतरी अशक्त बाळं तगवली. दक्षिणेतल्या पालाडाईचं हे भावंड. आज नवजात विभागात कमी दिवसांच्या बाळांना अशाच चोचीच्या वाटीने पाजतात. बाटलीपेक्षा ती धुवायला सोपी, लपायला जंतूंना जागा नाही. आणि शेजारणीने शेजारणीच्या बाळाला पाजायचं, ही आमच्या आळीतली रीतही वेगळ्या रूपात परत आली: मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली.

फाटक्या ओठाचं बाळ जन्मलं की ग्रहण. आईने ग्रहणात भाजी चिरली असणार, सुईत दोरा ओवला असणार. ती बिचारी आठवून आठवून थके आणि अखेर काहीतरी कबूल करून टाकी. आज ओठ काही महिन्यांत आणि टाळू वर्षाच्या आसपास शिवता येते, आणि ग्रहणाचा काही संबंध नाही हे सांगणारं माणूस दवाखान्यात भेटतं. ओठ दिसतो म्हणून कळतो. पण ओठ धड आणि आतली टाळू मात्र फाटलेली, असंही असतं. दूध नाकातून येतं, बाळ ठसकत राहतं. अशा वेळी ‘तोंड बघलंस का’ हा प्रश्न शब्दशः खरा. चिमणीचा दिवा जवळ धरून, टाळू दिसेपर्यंत आत बघणारी आजी नशिबानेच मिळे.

आणि दोन गोष्टी अशा, ज्या कुणी हसत हसत सांगत नाही.

एक म्हणजे मिटलेलं तोंड. जन्मल्यावर दोन दिवस बाळ छान पिई. मग ओढेनासं होई, जबडा घट्ट, ओठ ताणलेले, हात लावला की अंग धनुष्यासारखं वाकडं. पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी संपे. सटवाईने नेलं, म्हणत. नाळ विळ्याने, पात्याने, हाताला येईल त्याने कापलेली असे, वर राख नाहीतर शेण लावलेलं असे, आणि आईला इंजेक्शन नसे. तो धनुर्वात होता. पाचवीच्या रात्रीचं ते जागरण, दाराला कडुनिंब, उशाशी विळा, सगळी घाबरलेली तयारी नेमकी त्याच दिवसांत होई, हा मला योगायोग वाटत नाही. बायकांनी धोक्याचे दिवस अचूक ओळखले होते, कारण ओळखता आलं नव्हतं. कधी कधी उशाशी ठेवलेला विळा तोच असे. पुढे गरोदरपणी इंजेक्शनं आली, सुईणींना स्वच्छ पातं आणि दोरा मिळाला, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०१५ मध्ये भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. आमच्या आयांच्या पिढीला ती कळली असती तर तिने मोठ्याने वाचायला लावली असती.

दुसरी म्हणजे गुणी बाळ. रडत नाही, मागत नाही, झोपून राहतं. उठवून पाजावं लागतं. जीभ जराशी मोठी, ओठांबाहेर डोकावणारी, रडलंच तर आवाज घोगरा, शी चार-चार दिवसांनी, कावीळ लवकर न उतरणारी. किती शांत पोर गं, दृष्ट लागेल, म्हणून आणखी एक तीट. कुणी म्हणे जीभ काढून हसतंय. वर्षाचं झालं तरी बसेना, दोनाचं झालं तरी बोलेना, मग कुजबूज, मग नवस, मग घरातल्या मागच्या खोलीतलं एक आयुष्य. अशी मुलं आमच्या बरोबरीची होती. आमच्याबरोबर शाळेत आली नाहीत. त्यातल्या काहींची थायरॉइड ग्रंथी जन्मापासून काम करत नसणार, असं आता वाटतं. साधारण हजारभर बाळांमागे एखाद्याला हे असतं. वाईट भाग असा, की जन्मल्यावर बहुतेक बाळांत काहीच दिसत नाही. जीभ, आवाज, सुस्ती दिसू लागेपर्यंत मेंदूचे मोलाचे आठवडे गेलेले असतात. चांगला भाग असा, की पहिल्या दोन आठवड्यांत कळलं तर रोज एक छोटी गोळी आईच्या दुधात चुरून द्यायची, बाळ इतरांसारखंच वाढतं.

ज्या घरात सहा-सात जणी तोंड बघत होत्या, तिथेही हे निसटलं. आता तर घरात दोघंच असतात, तेही रात्रभर जागलेले, आणि आजी टिटवाळ्याच्या किंवा कल्याणच्या बंद दारामागून फोनच्या पडद्यावर नातवाचं तोंड बघते. पडद्यावर फुर्र दिसतं, लाळ दिसते, टाळू दिसत नाही. म्हणून नातवंडं असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. पिणारं बाळ एकाएकी पिईनासं झालं, तोंड उघडेना, जीभ सतत बाहेर राहू लागली, श्वास घेताना घरघर येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. रडताना हनुवटी थरथरते ते सोडून द्या; पण बाळ एका लयीत ओठ चावल्यासारखे करत राहिलं, डोळे एका जागी थिजले आणि हात धरला तरी ते थांबेना, तर ती मिटकी नव्हे, झटका असू शकतो. दिसलं तसं मोबाइलवर टिपा आणि निघा. मामांनो, तुमच्या मोबाइलचा तेवढा उपयोग होऊ द्या.

आणि कुणाच्या घरी बाळ झालं की आपण अंगडं-टोपडं, डिंकाचे लाडू, अळिवाची पुडी घेऊन जातोच. जाल तेव्हा बाळाच्या बापाला बाजूला घेऊन विचारा, टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड तपासलं का. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की ती तपासणी करतात. नसेल केली तर बारशाची वाट बघू नका म्हणावं. दोन आठवड्यांच्या आत करून घ्या.